किल्ली टोरांटोत, कुलूप सांगलीत

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी सांगलीत राहते. निवृत्त शिक्षिका आहे, वय ६९. आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या वडिलांनी पेन्सिलने पाच वह्यांमध्ये उतरवून ठेवल्या होत्या. अक्षरं पुसट होत चालली आहेत, म्हणून मी त्या कॉम्प्युटरवर टाइप करायला घेतल्या. गेल्या वर्षी लेक टोरांटोहून आला होता. माझ्या एका मैत्रिणीचे पैसे फसवणुकीत गेले होते, ते ऐकून त्याने माझा कॉम्प्युटर 'पक्का सुरक्षित' केला. तेव्हापासून मी हैराण आहे. वर्डमधलं पत्र सेव्ह होतं, पण मराठी टायपिंगच्या जुन्या प्रोग्रॅममधून किंवा स्कॅनरवरून डॉक्युमेंट्समध्ये काही ठेवायला गेले की 'फाइल सापडत नाही' असं येतं. नवा प्रिंटर आणला तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो, आणि तो लेकाकडे. त्याने तिथून माझी स्क्रीन बघून मदत करायचा प्रयत्न केला, तर नेमक्या त्या क्षणी त्याला म्हणे सगळं काळं दिसतं. दोन मिनिटं हात हलला नाही की स्क्रीन बंद होते आणि चौदा अक्षरी पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो. तोही दर दीड महिन्याने बदलायचा. आता मी तो कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवते. शेजारचा मुलगा म्हणतो, 'काकू, दहा मिनिटांत सगळं बंद करून देतो.' देऊ का करायला? लेकाला सांगायला जीव धजत नाही, त्याने मायेपोटी केलंय. पण माझ्याच घरात मी परकी झाल्यासारखं वाटतं."

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो मुलगा कदाचित उद्याच येऊन बसेल. सगळं बंद करू देऊ नका. त्याचा हेतू चांगला असेल, पण 'दहा मिनिटांत' म्हणजे काय करतात ते मी बरीच वर्षं लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर बघताना पाहिलंय. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस नुसता बंद केला तर थोड्या वेळाने तो आपोआप चालू होतो. म्हणून मुलं काय करतात, तर 'हे तपासू नकोस' अशी जी एक सूट-यादी असते, तिच्यात अख्खा सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज आणि बहुतेक सगळ्या फायली असतात तो भाग, टाकून देतात. त्यानंतर कटकट थांबते, खाली हिरवी खूण तशीच दिसत राहते, आणि तपासणी कशाचीच होत नाही. माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात असंच करून ठेवलं होतं. पुढे एका सकाळी लग्नपत्रिकांच्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या, आणि मालकांना ती हिरवी खूण दाखवताना रडू येत होतं. तुमच्या ओव्यांचं तसं व्हायला नको.

पण तुमची तक्रारही पूर्ण खरी आहे. तुमचं काही चुकत नाहीये आणि 'आपल्याला या वयात जमत नाही' हा विचार तर मनात आणूच नका. तुमच्या लेकाने ऑफिसातली शिस्त जशीच्या तशी घरात आणली. ऑफिसात काही अडलं की एक फोन केला की माणूस येतो. तुमच्या घरात तो माणूस टोरांटोत झोपलेला असतो.

आता एकेक गाठ सोडवू.

'फाइल सापडत नाही' हा निरोप खोटा आहे, आणि पत्रातल्या एका वाक्यानेच मला कारण कळलं: वर्डमधून सेव्ह होतं, जुन्या प्रोग्रॅममधून होत नाही. लेकाने 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' नावाची सोय चालू केलेली असणार. ती चालू असली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज अशा फोल्डरांमध्ये फक्त विंडोजच्या ओळखीचे प्रोग्रॅमच लिहू शकतात. वाचायला बंदी नसते, लिहायला असते. वर्डला विंडोज ओळखतं. तुमचा जुना टायपिंगचा प्रोग्रॅम आणि स्कॅनरचा प्रोग्रॅम त्याच्या ओळखीचे नाहीत. मग त्यांना दारातच अडवलं जातं, आणि आपल्याला का अडवलं हे त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला कळत नाही. त्याला वाटतं फाइलच नाही, आणि तो तेच तुम्हाला सांगतो. कोपऱ्यात खाली त्याच वेळी एक इंग्रजी सूचना येऊन जात असेल, 'अनऑथोराइज्ड चेंजेस ब्लॉक्ड' अशी. टाइप करताना नजर वहीवर असते, ती कशी दिसणार?

ही सोय उगाच आलेली नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा किडा जगभर पसरला आणि दीडशेहून जास्त देशांतले कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्याच वर्षी जूनच्या शेवटी नॉटपेट्या आला, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं. असले प्रोग्रॅम पहिला हात घालतात तो तुमच्या कागदपत्रांवर आणि फोटोंवर. म्हणून त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० मध्ये हा फोल्डरांचा पहारा आला. तो मुळात बंदच असतो, कुणी मुद्दाम चालू केला तरच लागतो. तुमच्या लेकाने तो चालू केला यात मला त्याची काळजी दिसते. त्याचं अर्धं काम राहिलं, एवढंच: पहारेकऱ्याला घरची माणसं ओळखून दिली नाहीत.

ते करायची जागा अशी. विंडोज सिक्युरिटी उघडा, तिथे व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, खाली मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन, आणि त्यात 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'. बेरजेच्या खुणेवर क्लिक केलं की 'रीसेंटली ब्लॉक्ड अ‍ॅप्स' असा पर्याय येतो. नुकत्याच अडवलेल्या प्रोग्रॅमांची यादी तिथेच असते, शोधत बसावं लागत नाही. टायपिंगचा आणि स्कॅनरचा, एवढे दोनच निवडा. यादीत अनोळखी नाव दिसलं तर त्याला हात लावू नका, फोटो काढून लेकाला पाठवा. या सगळ्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागेल, त्याकडे येतोच. तोवर काम थांबवू नका: ओव्यांची फाइल डॉक्युमेंट्सऐवजी डाउनलोड्समध्ये सेव्ह करून बघा. तो फोल्डर साधारणपणे त्या पहाऱ्यात नसतो.

एक आडवळणाची गोष्ट, पण ओव्यांसाठी महत्त्वाची आहे. तुमचा जुना प्रोग्रॅम युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर वाचता येणाऱ्या सामाईक लिपी-पद्धतीत लिहितो, की त्याच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये, हे तपासा. तपासायची सोपी रीत म्हणजे दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवा. मराठीच दिसली तर चिंता नाही. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला, तर तो फॉन्ट नसलेल्या कुणालाही तुमच्या आईच्या ओव्या वाचता येणार नाहीत. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड आहेच, आणि २०१९ पासून 'मराठी फोनेटिक'ही आहे, ज्यात उच्चारानुसार इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं. वेगळा प्रोग्रॅम विकत घ्यावा लागत नाही. वर्डमध्ये थेट टाइप केलंत तर वरची अर्धी कटकट तिथेच संपते. पाचांपैकी अजून किती वह्या शिल्लक आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. पहिल्याच वहीत असाल तर आजच बदला.

आता ती काळी स्क्रीन. यातच तुमच्या सगळ्या त्रासाचं मूळ आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

तुमचं खातं 'स्टँडर्ड' आहे, म्हणजे रोजची कामं करता येतात, पण कॉम्प्युटरच्या मुळाशी बदल करायचा तर अ‍ॅडमिनची परवानगी लागते. ही रचना उत्तम आहे आणि ती मोडू नका. चुकून एखादा वाईट प्रोग्रॅम तुमच्या हातून उघडला, तरी त्याला तुमच्याइतकेच अधिकार मिळतात. तो प्रश्न येतो तेव्हा मागची स्क्रीन अंधारते, तुम्ही पाहिलं असेल. विंडोज त्या वेळी तो प्रश्न एका वेगळ्या, बंदिस्त पडद्यावर विचारत असतं. तिथे दुसरा कोणताही प्रोग्रॅम पोहोचू नये, तुमच्या वतीने कुणी गुपचूप 'हो' दाबू नये, म्हणून. तुमची स्क्रीन दुरून दाखवणारा प्रोग्रॅमही त्यात आला. म्हणून लेकाला नेमकं तेव्हाच काळं दिसतं. बिघाड काही नाही. त्या प्रश्नाचं उत्तर कीबोर्डसमोर बसलेल्या माणसाने द्यावं, अशीच ती योजना आहे. कीबोर्डसमोर तुम्ही बसता आणि पासवर्ड मात्र तुमच्याकडे नाही. हे एक बदललं की प्रिंटरही चालेल, स्कॅनरही.

हा प्रश्न विचारणारी व्यवस्था विंडोजमध्ये २००७ साली व्हिस्टा या आवृत्तीबरोबर आली. तेव्हा ती इतक्या वेळा विचारायची की लोकांनी न वाचता 'हो' दाबायची सवय लावून घेतली, किंवा ती बंदच करून टाकली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टला ती किती वेळा विचारेल याचे चार टप्पे करावे लागले. माणूस वैतागला की कुलपाला वळसा घालतो, हे तेव्हा कंपनीने पाहिलं, आणि तुमच्या कीबोर्डखालचा कागदही तेच सांगतो.

तर लेकाकडून अ‍ॅडमिनचा पासवर्ड घ्या. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा, पाकिटात घाला, पाकीट बंद करा आणि कपाटात पासबुकं ठेवता तिथे ठेवा. पासवर्ड लिहून ठेवायचा नाही असं तुम्ही ऐकलं असेल. ऑफिसात, जिथे पन्नास जण टेबलावरून जातात तिथे ते बरोबर आहे. तुमच्या घरात चोर दोन प्रकारचे. इंटरनेटवरून येणाऱ्याला तुमचं कपाट दिसत नाही. कपाट फोडणाऱ्याला त्या कागदात रस नसतो, तो दागिने बघतो. पाकिटात असेल तर तुम्हालाही दरवेळी उठून जावं लागेल, आणि उठताना मनात येईल, 'मी हे आत्ता का करतेय? कुणी सांगितलं?' प्रिंटर स्वतः विकत आणलाय म्हणून उठलात, तर ठीक. फोनवर कुणी सांगतंय म्हणून उठत असाल, तर खाली बसा आणि फोन ठेवा.

त्याच पाकिटात अजून एक कागद हवा. तुमचा कॉम्प्युटर अलीकडचा असेल तर त्याची डिस्क सांकेतिक रूपात लिहिली जात असण्याची बरीच शक्यता आहे. दुरुस्तीत आतला एखादा भाग बदलला, किंवा एखादं अपडेट अडखळलं, की तो सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर आतलं काहीही परत मिळत नाही, कोणत्याही दुकानात नाही. ही की बहुधा लेकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा आहे. ती छापून घ्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पासवर्ड दर दीड महिन्याने बदलायचा नियम काढून टाकायला सांगा. हा आकडा विंडोजच्या जुन्या ठरावीक ४२ दिवसांवरून आलाय. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २००३ च्या सुमारास पासवर्डची मार्गदर्शक सूचना काढली, आणि अवघड चिन्हांचे, वरचेवर बदलायचे पासवर्ड तिच्यातूनच जगभर पसरले. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ साली त्यातल्या बऱ्याच गोष्टींबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनेही सूचना बदलली: पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तेव्हाच बदलायला लावा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुद्धा आपल्या शिफारशींतून मुदतीचा नियम काढला. लेक या क्षेत्रातला असेल तर त्याला हे ठाऊक असेल. नसेल तर हा परिच्छेद त्याला वाचून दाखवा.

रोजच्यासाठी चौदा अक्षरांऐवजी पिन लावून घ्या. सहा आकडे पुरेत, जन्मतारीख सोडून. पिन फक्त त्या एका यंत्रावर चालतो, तो कुणाला कळला तरी दुसरीकडून त्याचा उपयोग होत नाही. आणि स्क्रीन बंद व्हायची वेळ दोन मिनिटांवरून वीस करा. पेन्सिलची पुसट ओळ उजेडाकडे धरून लावायला दोन मिनिटांहून जास्त लागतात, हे मुलाला सुचलं नाही. सुचायला त्याने तुम्हाला ते काम करताना पाहिलं पाहिजे.

अपडेट मात्र बंद करायचे नाहीत. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, दोन महिने आधी. ज्यांनी ते घातलं नव्हतं त्यांची यंत्रं गेली. तुमच्याकडे अजून विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेही लेकाला विचारा.

आता ज्या भीतीपोटी हे सगळं झालं, त्याबद्दल. तुमच्या मैत्रिणीचे पैसे कसे गेले ते तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडे या वयाच्या माणसांना बहुतेक वेळा फोनवरून गाठतात. बँकेचं केवायसी, वीजबिल, कुरिअरमध्ये सापडलेलं पार्सल, नाहीतर व्हिडिओ कॉलवरचा खोटा पोलीस. 'डिजिटल अटक' असं काही आपल्या कायद्यात नाहीच. अशा फोनवर माणूस घाबरून स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो, आणि त्याला चौदा अक्षरी पासवर्ड किंवा दोन मिनिटांची स्क्रीन अडवू शकत नाही. लेकाने घराच्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या, आणि चोर दाराची बेल वाजवून आत येतो. तेव्हा तुमचा खरा बचाव म्हणजे एक ठरलेली गोष्ट: अनोळखी माणसाने फोनवर सांगितलं म्हणून कोणताही अ‍ॅप उतरवायचा नाही, स्क्रीन दाखवायची नाही, आणि असा फोन आला की तो ठेवून आधी लेकाला किंवा सांगलीतल्या एका विश्वासाच्या माणसाला फोन करायचा, वेळ कोणतीही असो. आणि कधी चुकून पैसे गेलेच, तर लाज न बाळगता त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. तिथे लवकर कळवलं तर पैसे वाटेत थांबवता येण्याची शक्यता असते.

लेकाला सांगायला जीव धजत नाही म्हणता. ताई, तुम्ही न सांगितल्यामुळे त्याला वाटतंय की आई सुरक्षित आहे, आणि इकडे पासवर्ड कीबोर्डखाली आहे, शेजारचा मुलगा दारात उभा आहे. हे त्याला कळायलाच हवं. तक्रार म्हणून सांगू नका. असं काहीसं लिहा: "अरे, तू केलंस ते मला काढायचं नाहीये. पण आजीच्या ओव्या सेव्ह होत नाहीत. रविवारी अर्धा तास दे, मी कीबोर्डवर बसते, तू सांगत जा." आजीच्या ओव्या म्हटल्यावर तो अर्ध्या तासाचा दीड तास करेल.

रविवारी संध्याकाळी सातला फोन लावा. टोरांटोत तेव्हा सकाळचे साडेनऊ असतात, थंडीत साडेआठ. फोनआधी प्रिंटर जोडून त्यात कागद घालून ठेवा, पाकीट आणि पेन जवळ घ्या. क्रम असा ठेवा: पहिल्यांदा अ‍ॅडमिनचा पासवर्ड लिहून घ्यायचा, मग ते दोन प्रोग्रॅम यादीत घालायचे, मग प्रिंटर, आणि प्रिंटर चालला की त्यावर पहिलं काय छापायचं तर ती ४८ अंकी की. पिन, मुदत आणि वीस मिनिटं शेवटी, ती पाच मिनिटांची कामं आहेत.

आणि वेळ उरला तर ओव्यांची फाइल एका पेन ड्राइव्हवर घ्या, पेन ड्राइव्ह काढून त्याच कपाटात ठेवा. काढून ठेवायचा, लावलेला ठेवायचा नाही, कारण फायली कुलूपबंद करणारे प्रोग्रॅम जोडलेला ड्राइव्हही सोडत नाहीत. दर वही संपली की पुन्हा एकदा घ्या. एक प्रत लेकाला ईमेलने पाठवा, त्याच्याकडेही त्या राहू देत.